सात पैशांची सहा पानं

१९६१ साली दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती पुण्याच्या एका मराठी दैनिकाची पानं मोजत होते. रविवार सोडून उरलेल्या सहा दिवसांपैकी पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार. एकूण चौतीस. किंमत सात नवे पैसे. रविवारचा अंक दहा पानी, त्याला बारा पैसे. रोजचा खप ५२ हजार, रविवारी ५६ हजार. छापलेल्या जागेपैकी साधारण चाळीस टक्के जाहिराती.

हा हिशेब पेपरच्या मॅनेजरच्या टेबलावर शोभला असता. तो थेट घटनापीठापुढे गेला, आणि त्या बेरीज-वजाबाकीतून भारतातल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याचा एक मोठा सिद्धांत बाहेर पडला. वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टिळकांचा राजद्रोहाचा खटला येतो, मंडालेचा तुरुंग येतो, आणीबाणीतला कोरा अग्रलेख येतो. ते सगळं खरंच आहे. पण हे स्वातंत्र्य रोजच्या रोज जिथे जगतं किंवा मरतं त्या जागा फार साध्या असतात. कागदाचा रीळ, पानांची संख्या, अंकाची किंमत, छापखान्याची वीज. एका पैशाच्या फरकावर राज्यघटनेचं एक कलम तोललं जाऊ शकतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. अजूनही होतो.

तो पेपर म्हणजे ‘सकाळ’. डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेला. अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाने मराठी पेपराचा रोख बदलला. त्या काळी पेपर म्हणजे संपादकाचं मत, आणि मत म्हणजे लांबलचक अग्रलेख. परुळेकरांनी बातमीला मान दिला, तीही जवळच्या बातमीला. तालुक्याच्या गावी वार्ताहर हवा, बाजारभाव हवेत, नगरपालिकेत काय ठरलं ते हवं. असा पेपर चालवायचा तर एक गोष्ट मुबलक लागते, ती म्हणजे जागा. अग्रलेख एका रकान्यात मावतो. जिल्ह्याजिल्ह्यातली बारीकसारीक बातमी मावत नाही.

आता सरकारची बाजू. ती खलनायकाची नव्हती, म्हणून तर या खटल्यात गोडी आहे. स्वातंत्र्यानंतर देशातल्या वृत्तपत्रांची तब्येत तपासायला पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला, अध्यक्ष न्या. ग. स. राजाध्यक्ष. १९५४ साली अहवाल आला. आयोगाला दिसलं ते असं: मोठं भांडवल आणि भरपूर जाहिराती असलेला पेपर कमी किमतीत जास्त पानं देऊ शकतो. तोटा जाहिरातीतून भरून निघतो. शेजारचा छोटा पेपर तेवढ्याच किमतीत निम्मी पानं देतो आणि गिऱ्हाईक गमावून बसतो. म्हणजे वाचकाला स्वस्तात जाडजूड अंक मिळतो, पण हळूहळू गावात एकच आवाज उरतो. यावर आयोगाने उपाय सुचवला की पानांची संख्या आणि किंमत यांची सांगड घाला. इतकी पानं द्यायची तर किमान इतकी किंमत घ्यायचीच.

त्यावरून १९५६ साली संसदेने किंमत आणि पानं यांचा कायदा केला आणि १९६० साली सरकारने प्रत्यक्ष कोष्टक जाहीर केलं. अमुक किमतीला आठवड्याला अमुक पानं, त्याहून जास्त नाहीत. पुरवण्या काढायच्या तर त्यांवरही सरकारी मेहेरनजर. जाहिरातींना किती जागा द्यायची हे ठरवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिलेला.

‘सकाळ’समोर दोनच वाटा राहिल्या. चौतीस पानं ठेवायची असतील तर किंमत सातवरून आठ पैसे करा. सात पैसेच ठेवायचे असतील तर चौतीसची चोवीस पानं करा.

एक पैसा! ‘नवा पैसा’ चलनात येऊन तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. महिन्याच्या पंचवीस-सव्वीस अंकांचे मिळून पाव रुपयाच्या आसपास. एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालय?

इथे थोडं पेपरच्या पोटात शिरावं लागतं. कागदाचा मोठा ताव मधोमध घडी घातला की चार पानं होतात. म्हणून पेपराला चार, आठ, बारा हे आकडे आवडतात. सहा पानं हवी असतील तर आत एक सुटं पान सरकवावं लागतं, आणि सकाळी चहाच्या वेळी पंख्याच्या वाऱ्याने खाटेखाली जातं ते हेच पान. आठवड्याला दहा पानं कमी म्हणजे अशी पाच सुटी पानं कमी. ५२ हजार प्रतींचा हिशेब केला तर आठवड्याला दोन लाख साठ हजार पानं छापलीच जाणार नाहीत. आजच्या मोठ्या आकाराच्या पेपरचं एक पान, दोन्ही बाजू धरून, आठ-नऊ ग्रॅम भरतं. म्हणजे दर आठवड्याला दोन टनांहून जास्त मजकूर गायब, आणि तोही एका शब्दावर कुणी लाल पेन्सिल न चालवता. सेन्सॉर नाही, जप्ती नाही, संपादकाला अटक नाही. ज्या बातम्या मावल्या नाहीत त्या वाचकाला दिसणारच नाहीत, आणि न दिसलेल्या गोष्टीची तक्रार कोण करणार?

दुसरी वाट, किंमत वाढवण्याची. वाचक एका पैशाने घाबरतो का? काही घाबरतात. ज्या घरात पेपर हौसेखातर येतो तिथे तो चालू राहतो; ज्या घरात तो पोटाला चिमटा घेऊन येतो तिथे बंद होतो. खप उतरला की जाहिरातदार दर पाडून मागतो. जाहिरातीचं उत्पन्न घटलं की पुन्हा पानं कापावी लागतात किंवा किंमत वाढवावी लागते. पेपर छापायला येणारा खर्च अंकाच्या किमतीतून कधीच सुटत नाही, हे या धंद्यातलं उघड गुपित. वाचक अर्धाच पैसा देतो, उरलेला साबणवाला आणि सिनेमावाला देतात. म्हणून जाहिरातीचा रकाना कापणं म्हणजे शेजारच्या बातमीचा रकाना कापणंच.

त्याच वर्षी, १२ जुलै १९६१ला, पानशेत धरण फुटलं. मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं, घरंच्या घरं गेली. कोण कुठे सापडलं, कोणत्या शाळेत निवारा उघडलाय, कोणता पूल उभा आहे. अशा आठवड्यात चार पानं आणि सहा पानं यांत काय फरक असतो ते त्या पिढीच्या पुणेकराला समजावून सांगायची गरज नाही. अडीच महिन्यांनी, २५ सप्टेंबरला, ‘सकाळ’ खटल्याचा निकाल लागला.

निकाल न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकरांनी लिहिला. वऱ्हाडातल्या नामांकित मुधोळकर घराण्यातले हे न्यायमूर्ती; पेपर मराठी, आयोगाचे अध्यक्ष मराठी, निकाल लिहिणाराही मराठी, हा निव्वळ योगायोग. पण निकाल समजायचा तर आधी एक चमत्कारिक गोष्ट माहीत हवी. भारताच्या राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांच्या यादीत वृत्तपत्रांचा उल्लेखच नाही.

अमेरिकेच्या घटनेत आहे, पहिल्याच दुरुस्तीत. आपल्याकडे कलम १९(१)(क) एवढंच म्हणतं की सर्व नागरिकांना भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य असेल. घटना समितीत काही सदस्यांनी आग्रह धरला होता की मुद्रणस्वातंत्र्य वेगळं लिहा. डिसेंबर १९४८च्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं ते असं, की वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळे असे खास हक्क नाहीत. संपादक नागरिक आहे, व्यवस्थापक नागरिक आहे. ते लिहितात तेव्हा नागरिकाचाच हक्क बजावतात, त्याला स्वतंत्र उल्लेखाची जरूर नाही. वरवर हे काटकसरीचं उत्तर वाटतं. मला त्यात मोठी लोकशाही दिसते. पत्रकार नावाची कुणी विशेष जात नाही, तुम्हाआम्हाला जो बोलण्याचा हक्क आहे तोच त्याला आहे. आणि उलट बाजूने पाहिलं तर पेपरचा गळा आवळणं म्हणजे तुमचाआमचाच आवळणं.

पण मग बोलणं म्हणजे नेमकं किती? या प्रश्नाला पहिलं उत्तर मुंबईच्या एका साप्ताहिकामुळे मिळालं. रोमेश थापर यांचं ‘क्रॉस रोड्स’ हे डाव्या विचाराचं इंग्रजी साप्ताहिक मुंबईत निघायचं. मद्रास सरकारने आपल्या हद्दीत त्याला प्रवेशबंदी केली. छापायला बंदी नव्हती, मुंबईत विकायलाही नव्हती. फक्त मद्रासला यायचं नाही. घटना लागू होऊन जेमतेम चार महिने झाले होते तेव्हा, मे १९५०मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कारण दिलं ते असं: विचार पसरवण्याचं स्वातंत्र्य म्हणजे तो पोचवण्याचंही स्वातंत्र्य; खपाविना प्रकाशनाला फारसा अर्थ नाही. बोलणाऱ्याचं तोंड मोकळं ठेवून ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घालता येणार नाहीत. (सरकारला हा निकाल झोंबला. वर्षभरानंतर पहिली घटनादुरुस्ती झाली आणि निर्बंधांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आली. सोबत ‘वाजवी’ हा शब्दही आला, हे मात्र आपलं नशीब.)

‘सकाळ’ खटल्यात मुधोळकरांनी हाच धागा पुढे ओढला. अभिव्यक्ती म्हणजे काय छापलं एवढंच नाही, ती किती लोकांपर्यंत गेली हेसुद्धा अभिव्यक्तीच. मजकूर आणि खप, दोन्ही तिचे भाग. पानं कापली की मजकूर कमी होतो. किंमत वाढवली की खप कमी होतो. सरकारने दोन वाटा दिल्या होत्या आणि दोन्ही वाटांवर स्वातंत्र्याचा काही ना काही भाग टोलनाक्यावर द्यावा लागत होता.

सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की हा परिणाम आनुषंगिक आहे, आमचा उद्देश धंद्यातली गैरस्पर्धा थांबवण्याचा आहे. न्यायालयाचं उत्तर बिनतोड होतं. आनुषंगिक कसला? मोठ्या पेपरचा अंक महाग करून त्याचा वाचक छोट्याकडे वळवायचा, हाच तर कायद्याचा हेतू आहे. खप घटणं हे या औषधाचं लक्ष्यच आहे.

मग येते ती युक्तिवादाची खरी गंमत. पेपर काढणं हा धंदाही आहे आणि अभिव्यक्तीही. धंद्याच्या स्वातंत्र्यावर घटनेच्या कलम १९(६)नुसार ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ वाजवी निर्बंध घालता येतात. जनहित हा शब्द एवढा ऐसपैस आहे की त्यात काय वाट्टेल ते मावतं. अभिव्यक्तीवरचे निर्बंध मात्र १९(२)मध्ये एकेक मोजून दिलेले आहेत: राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीती, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. (देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता हे कारण १९६३ साली आलं.) या यादीत जनहित नाही. ते चुकून राहिलेलं नाही, हे यादीकडे नीट पाहिलं की कळतं. वाड्याला दोन दारं असावीत तसं हे आहे. दिंडी दरवाजावर खडा पहारा, आणि परसदार फक्त अडसर लावून बंद. सरकार परसदाराने, धंद्याच्या नियमनाच्या नावाखाली, आत आलं आणि माजघरापर्यंत पोचलं. न्यायालय म्हणालं, कुठल्याही दाराने या, माजघरात पाऊल टाकायचं तर दिंडी दरवाजाचाच नियम लागेल.

छोट्या पेपरांना वाचवायचं असेल तर वाचवा, पण मोठ्याचं तोंड दाबून नाही. एकाच्या अभिव्यक्तीतून कापून दुसऱ्याच्या पदरात घालता येणार नाही. ‘सकाळ’ जिंकला आणि पानांची सांगड मोडली.

किमतीच्या आणि कागदाच्या वाटेने पेपरला आवर घालण्याची युक्ती पहिल्यांदा भारत सरकारलाच सुचली असं नव्हे. इंग्लंडमध्ये १७१२ सालापासून पेपरच्या प्रत्येक तावावर मुद्रांक लागायचा. १८१५पर्यंत तो चार पेन्सवर गेला, म्हणजे मजुराने पेपर विकत घ्यायची सोय उरली नाही. कर तावावर असल्यामुळे ताव मोठमोठे होत गेले, टेबलभर पसरतील असे. जाहिरातीवर वेगळा कर, कागदावर वेगळा. त्यांना नाव पडलं ‘ज्ञानावरचे कर’. १८३०च्या दशकात हेन्री हेदरिंग्टन नावाच्या छपाईवाल्याने मुद्रांक न लावता एका पेनीला पेपर विकायला काढला आणि तो विकणारे शेकडो लोक तुरुंगात गेले. कुणी राजद्रोह लिहिला म्हणून नव्हे, स्वस्त विकला म्हणून! मुद्रांक १८५५ साली गेला, कागदावरचा कर १८६१ साली.

अमेरिकेत लुइझियाना राज्याचा पुढारी ह्यूई लाँग याने तर आणखी नेम धरून गोळी मारली. १९३४ साली त्याने कर बसवला: आठवड्याला वीस हजारांहून जास्त खप असलेल्या पेपरांनी जाहिरातीच्या उत्पन्नावर दोन टक्के भरायचे. कायद्यात कुणाचं नाव नाही, कुणाच्या मताचा उल्लेख नाही. पण त्या रेषेवर सापडले तेरा पेपर, आणि त्यांपैकी बारा लाँगचे विरोधक. १९३६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर उडवून लावला. आकडे दिसायला निर्विकार असतात खरे, पण वीस हजारांची रेषा कुणी आणि कुठे ओढली हे पाहिलं की आकड्याला चेहरा येतो.

आपल्याकडे पुढची लढाई कागदावर झाली. वृत्तपत्राचा कागद तेव्हा बव्हंशी परदेशातून यायचा. देशात मध्य प्रदेशातल्या नेपानगरला, आपल्या भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, १९५०च्या दशकात कारखाना उभा राहिला. सालई आणि बांबू यांच्या लगद्यापासून तिथे कागद बनू लागला. पण देशाची भूक त्याने भागणारी नव्हती. परकीय चलनाची टंचाई, म्हणून आयातीवर कोटा. १९७२-७३च्या धोरणात सरकारने कोट्याबरोबर अटी घातल्या: दहापेक्षा जास्त पानं नाहीत, एकाच मालकीच्या पेपरांनी कागद आपापसात फिरवायचा नाही, कोट्यातून नवा पेपर काढायचा नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ चालवणारी बेनेट कोलमन कंपनी न्यायालयात गेली. तिच्या बाजूने अर्जदारांमध्ये संपादक होते आणि चक्क एक वाचकही होता. पानं कापली गेली तर हक्क माझाही जातो, असं वाचकाने न्यायालयाला सांगणं मला त्या खटल्यातली सर्वात देखणी गोष्ट वाटते.

ऑक्टोबर १९७२मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल लागला. कागद टंचाईचा आहे तर वाटून द्या, तो सरकारचा अधिकार आहे. पण दिलेल्या कागदाची किती पानं करायची आणि किती प्रती काढायच्या हे पेपर ठरवेल. बहुमताचा निकाल न्या. अजितनाथ राय यांनी लिहिला. पानांच्या संख्येतही स्वातंत्र्य असतं असं सांगणारे हेच राय पुढे सरन्यायाधीश झाले आणि १९७६ साली, आणीबाणीत, ज्या पीठाने बंदीवानाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही असा निकाल दिला त्याच्या अध्यक्षस्थानी होते. यावर मी अनेकदा विचार केला आहे आणि मला त्याचा उलगडा झालेला नाही.

आणीबाणीची पहिली रात्र आठवा. २५ जून १९७५. दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर पेपरांच्या कचेऱ्या ओळीने उभ्या आहेत. त्या रात्री तिथली वीज गेली. सेन्सॉरचे नियम सकाळी कळले, त्याआधी अंधार आला. रोटरी फिरली नाही म्हणजे संपादक कितीही निर्भीड असला तरी तो एक माणूस आहे, अंधारात बसलेला. तीनच दिवसांनी, २८ जूनला, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींच्या पानावर एक मृत्युवार्ता आली. डी. ई. एम. ओक्रसी नावाचे गृहस्थ २६ जूनला वारले; पत्नीचं नाव टी. रूथ, मुलाचं एल. आय. बर्टी, भावंडांची नावं फेथ, होप आणि जस्टिशिया. जोडून वाचा, म्हणजे इंग्रजीत लोकशाही, सत्य आणि स्वातंत्र्य ही सगळी मंडळी भेटतात. बातम्यांच्या पानावर पहारा होता आणि निषेध पैसे भरून जाहिरातीच्या रकान्यातून आत शिरला. जाहिरातींना किती जागा द्यायची हे सरकारने ठरवायचं की नाही, हा ‘सकाळ’ खटल्यातला रुक्ष मुद्दा मला त्या चार ओळी वाचल्यापासून रुक्ष वाटत नाही.

आता दुसरी बाजू, कारण तिला टाळून हे सगळं फार गोड होईल. बेनेट कोलमन खटल्यात एकटे पडलेले न्या. के. के. मॅथ्यू म्हणत होते की अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यासाठीही आहे, आणि ऐकणाऱ्याला वेगवेगळे आवाज ऐकू यायला हवेत. कागद थोडा आणि मोठ्यांची भूक मोठी, अशा वेळी तो सारखा वाटणं म्हणजे गळचेपी कशी? महाराष्ट्राला या प्रश्नाचं मोल ठाऊक असायला हवं. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. पेपर निघाला हे लोकांना कळावं म्हणून जाहिरात द्यायची होती. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलं आहे की पैसे घेऊनसुद्धा ती जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. राजद्रोहाच्या कलमाखाली संपादक तुरुंगात गेलेला पेपर तो! सरकारने ‘मूकनायक’ बंद पाडला नाही. १९२७ साली आलेलं ‘बहिष्कृत भारत’, ज्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहीत, तेही १९२९ साली थांबलं ते पैशाअभावी. ज्यांचा वाचकच रोजंदारीवर जगतो त्यांना सिनेमावाला जाहिरात कशाला देईल?

म्हणजे राजाध्यक्ष आयोगाला दिसलेला रोग खरा होता. मुधोळकरांनी औषध नाकारलं, आणि माझ्या मते बरोबर नाकारलं. कारण आज छोट्यांच्या भल्यासाठी पानं मोजणारा अधिकारी उद्या कुणाच्या भल्यासाठी मोजेल याचा भरवसा कुणी द्यायचा? पण रोगावर दुसरं औषध आपण अजून शोधलेलं नाही. छोटा पेपर सरकारी जाहिरातीच्या सलाइनवर जगतो आणि मोठा पेपर मोठ्या जाहिरातदाराच्या. सलाइनची बाटली कुणाच्या हातात आहे याकडे दोघेही डोळे लावून असतात. तालुक्याच्या साप्ताहिकाचा संपादक सकाळी अग्रलेख लिहितो आणि दुपारी त्याच साहेबाकडे जाहिरातीचं बिल मागायला जातो, तेव्हा त्या अग्रलेखाची धार किती राहते हे कोणतंही घटनापीठ मोजू शकत नाही.

कागदाची गोष्ट पुढेही चालूच राहिली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयात कागदावर सीमाशुल्क बसलं, तेव्हा ‘इंडियन एक्स्प्रेस’ न्यायालयात गेला. डिसेंबर १९८४च्या निकालात न्या. ई. एस. वेंकटरामय्या यांनी इंग्लंडच्या ज्ञानकरांपासून लुइझियानापर्यंतचा सगळा इतिहास उलगडला. पेपरला करातून माफी नाही, पण कराचं ओझं इतकं नको की गळा दाबला जाईल, म्हणून शुल्काचा फेरविचार करा, असं त्यांनी सरकारला सांगितलं. २०१९च्या अर्थसंकल्पात पुन्हा दहा टक्के शुल्क आलं, पुढच्या वर्षी ते पाचवर आणलं गेलं. पेपरवाचकांपैकी कितीजणांनी ती बातमी वाचली असेल कोण जाणे. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण सगळे प्राप्तिकराची कोष्टकं पाहण्यात गुंग असतो.

आणि आता कागदच पातळ होत चालला आहे. बातमी फोनवर येते. पानांची मर्यादा नाही, रीळ नाही, सात पैसेही नाहीत. मग खपाचं काय? ऑगस्ट २०१९मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट आणि फोन बंद झाले. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांना आपला अंकच काढता येईना, बातमीदारांचा संपर्क तुटला होता. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२०च्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की इंटरनेटवरून बोलणं हेही कलम १९चंच बोलणं आहे, आणि त्यावरची बंदी तात्पुरती आणि प्रमाणात असायला हवी. इंटरनेट लगेच सुरू करा असा आदेश मात्र दिला नाही. निकालातला आणखी एक मुद्दा पुढच्या बंदीच्या वेळी वकिलांना उपयोगी पडणारा आहे: बंदीचा हुकूम गुपचूप फाइलीत ठेवता येणार नाही. तो जाहीर करा, म्हणजे ज्याचं तोंड बंद झालं त्याला त्याविरुद्ध न्यायालयात जाता येईल.